पिंजऱ्यातले पाच कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

"पंधरावी झालीस, मग हा डबा तुला चालू कसा होत नाय?" आईने आज ओटीवर चार बायकांसमोर विचारलं. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरमध्ये नाही, असं सांगता आलं असतं. पण आईच्या लेखी पंधरावी म्हणजे पंधरावी, आणि घरात पहिलीच, म्हणजे त्यात सगळं यायला हवं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर कालच्या सभेत उभी राहिले.

झालं असं: मुंबईत कामाला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने एका बंद होणाऱ्या ऑफिसातून पाच जुने कॉम्प्युटर मिळवून टेम्पोने वाडीत धाडले. दिवाळीआधीच समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत लागले. चालू केले की विंडोज येतं आणि पासवर्ड मागतं. पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. ऑफिसच उरलं नाही, विचारणार कोणाला. वाडीतले अध्यक्ष म्हणाले, बंद डबे बघत बसण्यापेक्षा खोली लग्नाच्या मोठ्या भांड्यांना आणि मांडवाच्या सामानाला देऊ. मी उठले. "मी चालू करते." पुढच्या खुर्चीची पाठ धरून. मागून एकजण: "बस गो खाली, पडशील." सगळे हसले. पण ठरावाच्या वहीत लिहिलं गेलं. २३ तारखेला मुंबईचे लोक येतील, त्या सभेपर्यंत पाचही चालू झाले तर खोली अभ्यासिकेला, नाहीतर भांड्यांना.

वीस दिवस. पुष्कळ झाले.

४ नोव्हेंबर

पासवर्ड शोधायचाच नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजसारखंच, पण दुसरं) घ्यायचं आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. मग तो आतल्या विंडोजला विचारायलाच जात नाही. त्यानंतर आतलं जुनं पुसून हे नवीन कायमचं घालायचं. फुकट आणि चोरीचं नाही. मराठीतही चालतं. फोनवर बघितलेल्या व्हिडिओतल्या माणसाने सात मिनिटांत केलं, मध्ये चहा पिऊन.

फाइल मोठी. आमच्या वाडीत रेंज एस.टी.च्या थांब्यावरच. दुपारचे तीन तास तिथे बसून डाउनलोड. येणारा-जाणारा विचारतोय, "गाडीची वाट बघतेस?" नाही. "मग कोणाची?" नंतर उत्तर देणं सोडलं.

६ नोव्हेंबर

फोनमधून वायर लावून फाइल पेनड्राइव्हवर टाकली, जशी गाणी टाकतो तशी. कॉम्प्युटर चालू. पासवर्ड. बंद. चालू. पासवर्ड.

चालू होताना एक बटण दाबायचं असतं, मग कशावरून सुरू व्हायचं ते तो विचारतो. कुठलं बटण ते कंपनीगणिक वेगळं. F2, F10, F12, Del, Esc. एकेक करून सगळी दाबली. शेवटी F12 ने यादी आली. यादीत पेनड्राइव्ह नाही.

सुरेखावहिनी (शेजारची, लग्न होऊन आली तेव्हा दहावी पास, आता मराठी टायपिंग शिकून परीक्षेला बसायचंय) दारात उभी. झोडणीवरून आलेली, केसांत भाताचा कोंडा. "मित्रा," (वाडीत मला असंच हाक मारतात) "झाला चालू?"

"उद्या."

"उद्या म्हणजे खरा उद्या का सरकारी उद्या?"

८ नोव्हेंबर, शनिवार

महाडला. नदीमभाईंचं रिपेअरचं दुकान, कॉलेजात असताना प्रोजेक्टच्या प्रिंट काढायचो तिथेच. माझं ऐकून ते पोट धरून हसले. "ताई, तुम्ही बिर्याणीची रेसिपी ताटात ठेवून जेवायला बसलात." फाइल नुसती ठेवून चालत नाही, प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते, तेव्हा तो बूटेबल होतो, म्हणजे मशीन त्यावरून सुरू होऊ शकते. त्यांनी लिहून दिला. त्यांच्याच मशिनला लावून दाखवला. निळा पडदा, त्यावर मराठी अक्षरं. पंधरा सेकंद. मी दुकानात टाळी वाजवली. लाज वाटली नंतर.

एस.टी. पोलादपूरपर्यंत उभ्याने. पेनड्राइव्ह मुठीत.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

यादीत पेनड्राइव्ह नाही.

९ नोव्हेंबर

नाही. पाचही मशिनींवर नाही. नदीमभाईंकडे चालतो, इथे नाही. म्हणजे पेनड्राइव्ह ठीक आहे आणि मी बावळट आहे, किंवा पाचही मशिनी एकदम बिघडल्यात. पहिलं जास्त शक्य.

आई: "रडू नको. भात वाढलाय."

मी रडत नव्हते. डोळ्यांत धूळ. (रडत होते.)

१० नोव्हेंबर

नदीमभाईंना फोन. त्यांचा पहिला प्रश्न, "पेनड्राइव्हचा लाइट लागतो का?" बघितलंच नव्हतं. लागत नाही. "मग मागच्या पोर्टला लावा."

मागचा पोर्ट! तोच तर विषय आहे. चोरी होऊ नये म्हणून मंडळाने वेल्डरकडून लोखंडी पिंजरा करून घेतलाय. पाच कप्पे, मागून-बाजूने पत्रा, पुढे गज. कीबोर्ड-माउसच्या वायरी मागच्या भोकातून बाहेर काढल्यात. पुढच्या गजांतून हात जेमतेम जातो, मागे पोचत नाही. एकच दार, एकच कुलूप, आणि चावी मुंबईत, सरचिटणीस काकांकडे. वाडीतल्या निम्म्या कुलपांच्या चाव्या मुंबईत असतात. माणसं तिकडे गेली तशी त्यांच्या खिशातून चाव्याही गेल्या.

११ नोव्हेंबर

सापडलं. हसू का रडू.

मोबाइलची बॅटरी लावून गजांतून नीट बघितलं. आमच्याकडे दिलेल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव घालतात. पंख्याच्या पात्यांवर, खुर्चीच्या पाठीवर, डाळीच्या डावावरसुद्धा. मी लहानपणी अक्षरं ओळखायला शिकले ती मांडवातल्या पातेल्यांवरून. तर या पाच कॉम्प्युटरवरही पाच घरांची नावं आहेत. पोलादपूरचा पेंटर आला, प्रत्येक मशिनच्या तोंडावर आधी पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला, मग त्यावर लाल अक्षरांत "कालकथित अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ". बघणाऱ्याला नाव दिसावं म्हणून तर पिंजऱ्याला पुढून पत्रा नाही, गज आहेत.

पांढरा पट्टा बरोब्बर पेनड्राइव्हच्या भोकांवरून गेलाय. भोकांत रंग भरलाय आणि आतमध्ये वाळून दगड झालाय. मी पाच दिवस रंगात पेनड्राइव्ह खुपसत होते. आत जाताना घट्ट वाटायचं, मला वाटलं चांगल्या कंपनीचं असेल.

१२ नोव्हेंबर

हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. ॲसिटोन वापरलं असतं तर रंगाबरोबर मशिनचं प्लॅस्टिकही विरघळलं असतं. तीन वर्षांच्या केमिस्ट्रीचा हा पहिला उपयोग, लिहून ठेवते.

काडीला कापूस गुंडाळून, गजांतून हात घालून, सुईने खरवडत. एक भोक मोकळं व्हायला दोन तास. वहिनीने बॅटरी धरली. "कानातला मळ काढतेस असं वाटतंय."

दोन मशिनींची भोकं मोकळी झाली. बाकी तिघांच्या भोकांतल्या पत्र्याच्या पट्ट्या आत दुमडल्या गेल्यात, पुढून काही होणार नाही. त्यांना मागचाच पोर्ट हवा. म्हणजे चावी.

आणि एक घोटाळा. टर्पेंटाइन खाली ओघळलं. दुसऱ्या मशिनवरचं नाव पुसट होऊन लाल-पांढरं एक झालं, सगळा गुलाबी चिखल. ते नाव सरचिटणीस काकांच्या वडिलांचं.

१३ नोव्हेंबर

सकाळी आठला त्या गुलाबी चिखलाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर. कोणी टाकला देव जाणे (आईच्या भाषेत; मला माहीत आहे कोणी टाकला). साडेआठला सरचिटणीस काकांचा फोन.

"जय भीम काका."

"जय भीम. माझ्या बापाचं नाव तू धुतलंस?"

सगळं सांगितलं. रंग, भोक, टर्पेंटाइन. त्याच पेंटरकडून पुन्हा घालून घेईन म्हटलं. मग: "बरं. चुकून झालं. पण आता टच करू नको."

"काका, चावी पाठवाल? कोणी येणार असेल त्याच्याबरोबर."

"मीच येतोय तेवीसला. येताना आणतो."

"पण तेवीसला तर चालू पाहिजेत ना."

"मग बघू ना तवा. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ!

१३ नोव्हेंबर, दुपार

पहिली मशीन पेनड्राइव्हवरून सुरू झाली!! आपल्या खोलीत. निळा पडदा. पंखा विमानासारखा घोंगावतोय पण चालतेय. वहिनी झोडणी टाकून धावत आली. खुर्चीवर बसायला तयार नाही, पाय मातीचे म्हणून. बसवलं. एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, आख्खं, सासरचं आणि मागे माहेरचंही. जपून ठेव म्हणाली. मी जपून ठेवलं.

"आता हे राहणार ना?"

"राहणार."

१४ नोव्हेंबर

राहिलं नाही. माझीच चूक, आधी सांगायला हवं होतं. पेनड्राइव्हवरून चालतं ते सगळं त्या वेळेपुरतं. बंद केलं की संपलं. पेनड्राइव्ह काढला की मशीन परत तोच पासवर्ड मागायला मोकळी. ठेवायचं असेल तर लिनक्स मशिनच्या आत घालायला हवं, आणि त्यासाठी आतलं विंडोज पुसायला हवं.

वहिनी रागावली नाही. "म्हणजे पाहुण्यांच्या खाटेवर झोपल्यासारखं," म्हणाली आणि भाताकडे गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुसण्याआधी विचारायला हवं. मंडळाची वस्तू आहे. थांब्यावर जाऊन सरचिटणीस काकांना फोन केला. पाऊण तास. जेवढं आठवतंय तेवढं लिहिते, कारण अजून कानात आहे.

मी सांगितलं लिनक्स काय, कसं, पैसे पडत नाहीत वगैरे. ते एकदम: "फुकटचं?"

"हो काका. पण चांगलं आहे. आणि लोकांनी मिळून बनवलंय, सगळ्यांसाठी सारखं."

"सगळ्यांसाठी सारखं असं कधी असतंय काय गो?"

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे बोलायला लागले.

"तुला ठावं हाय का, ह्या मशिनी कुठल्या? माझ्याच ऑफिसच्या. मी शिपाई होतो तिथे. दहा-बारा वर्षं रोज सकाळी ह्याच मशिनी फडक्याने पुसल्या. पडदा पण पुसायचा, खुर्ची पण. बटण दाबायची परमिशन नव्हती. एकदा नुसता माउस हालला माझ्याकडून तर साहेब सगळ्यांसमोर बोलला, तू इसका इंजिनियर है क्या. ऑफिस बंद झालं तवा मी हात जोडले, बोललो मला दुसरं काय नको, ह्या द्या. साहेब त्याच्यावर जे बघायचा ना, तेच आपल्या पोरांनी बघायचं. तेच! आणि तू बोलतेस ते पुसून फुकटचं टाकते. माझ्या आयेने जन्मभर शेठाणीच्या उतरलेल्या साड्या नेसल्या. आता परत फुकटचं?"

माझ्याजवळ व्हिडिओतले मुद्दे होते. ते या बोलण्यासमोर काढायची लाज वाटली.

"काका, मग तेवीसला काय?"

"माझ्या मेव्हण्याचा पोरगा बघेल. ओरिजिनल विंडोज घेऊन येईल कधीतरी."

"कधी?"

"येईल ना. तू असं कर, पेनड्राइव्हवर चालतंय ना? तेवीसला तसंच दाखव. पाच पेनड्राइव्ह लाव, पाच मशिनी चालू. फीत कापू, फोटो काढू. खोली तुला मिळाली समज. आतलं मात्र पुसायचं नाय."

१६ नोव्हेंबर

रात्रभर तेच. त्यांचं दुखणं खरं आहे. मी ते नाकारू शकत नाही, मला नाकारायचंही नाही. पण त्यांना पाहिजे ते विंडोज त्या मशिनींत असून नसल्यासारखं आहे. साहेबाने जाताना कुलूप लावलंय आणि आम्ही त्या कुलपाची राखण करतोय. त्यावर आमच्या पोरी काय बघणार? पासवर्डची रिकामी चौकट.

आणि तेवीसला दाखवायचं नि चोवीसला बंद? मुलींनी लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी नसायचं? हे मी करणार नाही. पण केलं तर खोली मिळते. नाही केलं तर पातेली येतात. एकदा पातेली आत गेली की परत निघत नाहीत.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "काका मोठे हायत."

"हो."

"शिकलेली तू हायस."

"म्हणजे काय करू?"

"ते मला कसं ठावं? मी काय पंधरावी हाय?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा महाड. नदीमभाईंना म्हटलं, ओरिजिनल विंडोज पाच मशिनींना कसं घ्यायचं? त्यांनी सांगितलं ते ऐकून तो विषय तिथेच संपला. शिवाय या मशिनी जुन्या, नवं विंडोज त्यांना झेपणारही नाही. मग आवाज खाली करून: "मी लोड करून देतो ना. सगळे तेच वापरतात."

"चोरीचं?"

"ताई, अख्खा तालुका त्याच्यावर चालतोय. तुमचा दाखला निघाला ना, तो पण कुठल्यातरी तसल्याच मशिनवर टाइप झाला असेल."

दोन मिनिटं मोह झाला, हे खोटं बोलणार नाही. काकांना विंडोज दिसलं असतं, खोली मिळाली असती, कोणाला कळलंही नसतं. पण समाजमंदिरात समोर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर मी मुलींना चोरीचं शिकवणार? न विचारता दुसऱ्याचं घ्यायचं नाही हे आम्ही दर पौर्णिमेला हात जोडून म्हणतो.

"नको," म्हटलं.

नदीमभाई चिडले नाहीत. "तुम्ही बोर्डाच्या परीक्षेला पण चिठ्ठी नेली नसणार," म्हणाले. "नाही." "दिसतंय." मग ड्रॉवरमधून गोल सेल काढले, पाच. जुन्या मशिनींचा आतला सेल मेलेला असतो, म्हणून लाइट गेली की त्या तारीखवेळ आणि सेटिंग सगळं विसरतात. "पिंजरा उघडलात तर बदला." उघडलात तर!

१८ नोव्हेंबर

काकांना पुन्हा फोन लावला, तीनदा. उचलला नाही. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: विंडोजचं का जमत नाही, लिनक्स का, पुसलं तर काय जाईल. शेवटी लिहिलं, तुमच्या वडिलांच्या नावाच्या मशिनवर मुली रोज बसाव्यात असं मला वाटतं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

संध्याकाळी अध्यक्षांनी भांड्यांची यादी करायला माणसं लावली. मोठी पातेली किती, टोप किती. यादी बाजूच्या खोलीच्या दारातच चालली होती, माझ्यादेखत. मुद्दाम असेल, नसेलही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विचार करून ठरवलं असं म्हणता येणार नाही. सकाळी वाडीतल्या मुलींची शिकवणी संपवून उठले आणि बाबांचं हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) घेऊन समाजमंदिरात गेले. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. लपून करायचं नव्हतं.

कुलूप पितळेचं पण त्याचा आकडा पोलादी. ब्लेड सारखं सटकत होतं. अर्ध्या तासात नुसता ओरखडा. हाताला फोड. तेवढ्यात दारात सावली. बाबा. एम.आय.डी.सी.तली पहिली पाळी संपवून आलेले, डबा अजून खांद्याला. (मी एवढा वेळ घासत होते?) मला वाटलं संपलं.

ते जवळ आले, बघितलं. "कोणाला विचारलंस?"

"विचारलं. उत्तर आलं नाही."

"उत्तर नाय म्हणजे नको असंच असतं."

"माहीत आहे, बाबा."

डबा खाली ठेवला. मला वाटलं हॅक्सॉ काढून घेतील, एकतर मला थांबवायला नाहीतर स्वतः कापायला. दोन्ही नाही केलं. पक्कड आणली, कुलूप पकडीत घट्ट धरून उभे राहिले. "ब्लेड उलटं लावलंयस. दात पुढे पायजेत." मी ब्लेड फिरवलं. "आता जोर नको लावू. सरळ चालव."

पंधरा मिनिटांत तुटलं. बाबांनी तुटलेलं कुलूप टेबलावर ठेवलं आणि जेवायला गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आठपासून.

आधी सेल बदलले. आतमध्ये एवढी धूळ की सुरेखावहिनी सुपाने पाखडायला निघाली. मग पहिली मशीन बाहेर ओढली. पहिली कुठली घ्यायची यावर थोडा वेळ गेला. गुलाबी चिखलाचीच घेतली. दुसऱ्या कोणाच्या मशिनवर प्रयोग करून मग काकांच्या वडिलांकडे येणं बरोबर वाटेना.

पेनड्राइव्ह, F12. यादीत पहिल्या फटक्यात नाव. भाषा मराठी. मग तो विचारतो: डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का? खाली बारीक अक्षरांत, हे परत आणता येणार नाही.

पुसण्याआधी आत काय आहे ते एकदा उघडून बघितलं. पत्रं, कोष्टकं, कोणाकोणाचे रजेचे अर्ज. कर्मचाऱ्यांची एक यादी होती. काकांचं नाव शोधलं. होतं. सगळ्यात खाली, नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. तेवढं कागदावर उतरवून घ्यावंसं वाटलं, मग वाटलं कशाला.

हो दाबलं.

पट्टी सरकायला लागली. अकरा टक्के. तीस. एकेचाळीसला लाइट गेली. अर्थात! वहिनी म्हणाली ते इथे लिहीत नाही. दोन तासांनी आली, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पूर्ण. पेनड्राइव्ह काढला, श्वास धरून मशीन बंद केली, चालू केली. पासवर्ड मागितला नाही.

दुसरी, तिसरी, चौथी. चौथीला खोलीत नऊ जणी होत्या, झोडणीवरच्या तशाच. पाचवी साडेचारला. मधे जेवले की नाही आठवत नाही. मागे वळून बघितलं तर दारात अध्यक्ष, हातात भांड्यांची यादी. बराच वेळ उभे होते म्हणे. त्यांनी फक्त विचारलं, "मुंबईला कळवलंस?"

"उद्या कळवते."

"मी कळवू?"

"नको. मीच."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

थांब्यावरून फोन. या वेळी उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न.

"काका, काल केलं. पाचही."

"काय केलं?"

"पुसलं. नवीन घातलं. चालतायत. कुलूप परवा कापलं."

नुसते हॉर्न. मला वाटलं रेंज गेली.

"माझ्या बापाची पण?"

"तिच्यापासूनच सुरुवात केली."

माझी सफाई तयार होती, सगळी पाठ. एक शब्द बोलले नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. पटूनही केलं. हे फोनवर कसं सांगायचं.

"परवा येतोय मी," ते म्हणाले. आवाज रागाचा की कसला, कळला नाही. "सभेत बोलू." फोन बंद.

परवा सभेत काय होईल माहीत नाही. खोली मिळेल, किंवा कुलूप तोडलं म्हणून आधी माझाच विषय निघेल आणि खोली भांड्यांना. मुंबईचे पंधरा-वीस जण येणार, मला ओळखणारे त्यात दोघं-तिघं. आईने आज माझी वंदनेला नेसायची पांढरी साडी धुऊन वाळत घातलीय. न सांगता.

समाजमंदिरात जाऊन अध्यक्षांकडून ठरावाची वही मागितली. का म्हणून विचारलं नाही त्यांनी, काढून दिली. दोन तारखेच्या माझ्या ठरावाखाली अर्धं पान रिकामं होतं. तिथे लिहिलं:

पाचही कॉम्प्युटरवरचं जुनं सगळं पुसून नवीन घातलं. पिंजऱ्याचं कुलूप कापलं. मंडळाची परवानगी नव्हती. दोन्ही कामं मी केली.

खाली पूर्ण नाव, तारीख, सही.